आखेनमधले पहिले काही आठवडे आणि सुट्टीतला युरोप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की माझ्या फोनवर अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागतात. "ताई, मी कोल्हापूरची, ऑक्टोबरला शिकायला येतेय," असं सुरू होतं आणि पुढे तेच पंधरा-वीस प्रश्न. मी सांगलीहून २०१८ साली इथे आले, तेव्हा हेच प्रश्न मी कुणाला तरी विचारले होते. म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. आखेन हे जर्मनीच्या पार पश्चिमेचं, बेल्जियम आणि नेदरलँड्सला खेटलेलं शहर. दुसऱ्या शहरात असाल तर आधी प्रश्न २३ वाचा.

१. ताई, विमानतळावरून खोलीवर पोहोचले. आता पहिलं काम कोणतं?

टपालपेटीवर स्वतःचं नाव लावा. हसू नका. बँकेच्या कार्डाचा पिन, विम्याचं कार्ड, कर क्रमांक हे सगळं इथे कागदी टपालानं येतं, आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. माझं बँकेचं पत्र दोनदा परत गेलं, कारण पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं आणि मी रोज त्या पेटीत डोकावून "अजून आलं कसं नाही?" म्हणत होते. साधी पांढरी चिकटपट्टी, त्यावर ठळक अक्षरात पासपोर्टवरचं आडनाव. दारावरच्या बेललाही तेच.

त्यानंतरची कामं एकमेकांत अडकलेली आहेत. पत्त्याची नोंदणी झाली की बँक, बँक झाली की श्पेरकॉन्टोतले, म्हणजे व्हिसासाठी भरलेल्या गोठवलेल्या खात्यातले, पैसे सुटतात. विद्यापीठातला प्रवेश पक्का व्हायला विमा लागतो, आणि निवास परवान्याला हे सगळंच लागतं. त्यामुळे सुरुवात नोंदणीपासून.

२. आनमेल्डुंग म्हणजे काय? दोन आठवड्यांत करायची म्हणतात, पण टर्मिनच मिळत नाहीये!

आनमेल्डुंग म्हणजे "मी अमुक पत्त्यावर राहतो" अशी सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा कायदा आहे. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तर फोनवर नाव दाखवा, सगळ्यांना कळतं. भाडेकरार हा त्याला पर्याय नाही. दर वर्षी चार जण नुसता करार घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात.

टर्मिन, म्हणजे भेटीची ठरलेली वेळ, ऑक्टोबरात लवकर मिळत नाही हे खरं. घर पक्कं झालं की भारतातूनच बुक करून टाका. मुदतीनंतरचीच तारीख मिळाली तर बुकिंगची ईमेल जपून ठेवा. तुम्ही वेळेत प्रयत्न केला होता एवढं दाखवता आलं पाहिजे. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडलं तर रद्द झालेल्या वेळा सापडतात.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे वडिलांचं नाव. अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून "दिलेलं नाव" असतं. इथे मग "स्नेहल विजय" हेच तुमचं नाव होऊन बसतं. होऊ द्या. करार, विमा, बँक, विद्यापीठ, सगळीकडे पासपोर्टवर आहे तस्सं लिहा. एके ठिकाणी "विजय" गाळलात की दोन वेगळ्या व्यक्ती तयार होतात आणि त्या एकत्र करायला सहा महिने जातात.

३. अजून घर मिळालं नाही. मित्राच्या पत्त्यावर नोंदणी केली तर चालेल का?

त्याच्याकडे खरोखर राहत असाल आणि घर देणाऱ्याची रीतसर सही असेल तर चालेल. मित्र स्वतः भाडेकरू असेल तर त्याला मालकाची परवानगी लागते, आणि विद्यार्थी वसतिगृहात ती सहसा मिळत नाही. राहायचं एकीकडे आणि नोंदणी दुसरीकडे, हा प्रकार मात्र करू नका. न राहणाऱ्याला नोंदणीसाठी पत्ता देणाऱ्यावर ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा तुमचा मित्र जास्त गोत्यात येईल.

घर शोधताना एक गोष्ट पाठ करा: "मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" असं लिहिणारा माणूस घरमालक नसतो. फोटो जितके चकचकीत आणि भाडं जितकं कमी, तितका संशय जास्त. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांसाठी महागडी पण खरी तात्पुरती खोली घ्या आणि इथून शोधा.

४. बरोबर किती पैसे आणू? श्पेरकॉन्टोत तर भरलेत की.

श्पेरकॉन्टो हे गोठवलेलं खातं आहे. सध्याच्या नियमाप्रमाणे वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे आणि महिन्याला ९९२ युरो हातात येणार. पण पहिला हप्ता येण्यासाठी इथलं चालू खातं लागतं, आणि त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. मधल्या काळात पहिलं भाडं, डिपॉझिट, विद्यापीठाची सेमिस्टर फी, उशी-पांघरूण, पातेली. डिपॉझिट कायद्यानं तीन महिन्यांच्या "थंड" भाड्यापर्यंत असू शकतं. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं; "गरम" भाड्यात हीटिंग, पाणी वगैरे धरतात. जाहिरातीत यातलं कोणतं लिहिलंय ते बघितल्याशिवाय खूश होऊ नका.

डिपॉझिट आधीच भरलं असेल तर फॉरेक्स कार्ड आणि रोख मिळून १,५०० ते २,००० युरो मी पुरेसे मानते. त्यातले दोनशे-तीनशे सुट्ट्या नोटांत असू द्या. अजूनही बेकरीत "फक्त रोख" अशी पाटी दिसते.

५. विमा सरकारी घेऊ की खासगी? खासगी स्वस्त दिसतोय.

तीस वर्षं पूर्ण झालेली नसतील तर सरकारी घ्या. विद्यार्थ्यांचा दर महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास बसतो आणि तो डोळ्यांत खुपतो, मान्य. पण एकदा "मला सरकारी नको" असं लिहून खासगीत गेलात की शिक्षण चालू असेपर्यंत सरकारीत परत येता येत नाही. दुसऱ्या सत्रात दाढ दुखायला लागल्यावर हा नियम कळलेले लोक मला माहीत आहेत.

तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही. बहुतेकांना खासगीच घ्यावा लागतो. तिथे नुसता हप्ता बघू नका. आधीचे आजार आणि मानसिक उपचार यांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि सरकारी विमा सत्र सुरू झाल्यापासून लागू होतो, त्यामुळे सप्टेंबरात येणार असाल तर मधल्या दिवसांचा प्रवास विमा हवाच.

६. सामानात काय आणू? आई तूप आणि पेढे देतेच म्हणतेय.

आईला नाही म्हणा. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशानं मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, खवा, बर्फी सगळं त्यात आलं. ताजी फळं आणि पालाही नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन ही पाचच फळं प्रमाणपत्राशिवाय चालतात. म्हणजे हापूस नाही आणि ओला कढीपत्ताही नाही.

चालतं ते असं: गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, पोहे, चटण्या, वाळवलेली आमसुलं. पोहे आणि डाळी इथल्या भारतीय दुकानातही मिळतात, तेव्हा त्यांचं वजन वाहून आणू नका. गोडा मसाला आणि भाजणी मिळत नाही, तेवढी बॅगेत ठेवा. तीन लिटरचा कुकर आणा, शिट्टी आणि एक जादा रबर वेगळं. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, पण आपली जाड पिनांची प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. दोन अडॅप्टर आणि भारतातलाच एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला की भागतं.

७. वसतिगृहात फोडणी दिली की अलार्म वाजतो हे खरंय का?

माझ्या दुसऱ्याच आठवड्यातली गोष्ट. रात्री नऊ वाजता, तापलेल्या तेलात मोहरी, वर चार सुक्या मिरच्या. मिरच्या काळ्या पडल्या, ठसका उठला आणि छतावरची पांढरी डबी किंचाळायला लागली. मी टॉवेलनं वारा घालतेय, शेजारचा मुलगा कानांवर हात ठेवून दारात उभा, आणि कढईत मोहरीचा कोळसा. डबी फक्त खोलीपुरती होती म्हणून निभावलं. काही इमारतींत ती थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते. बंब आला तर त्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो.

तर: खिडकी आधी उघडा, आच मध्यम ठेवा, मिरच्या सर्वात शेवटी टाका, कढईचं झाकण हाताशी ठेवा. स्वयंपाकघराचं दार मात्र बंद, नाहीतर धूर कॉरिडॉरमधल्या डबीपर्यंत जातो. आणि डबीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका, ते थेट नियमभंगात बसतं.

याच्याच जोडीचा विषय म्हणजे बुरशी. हिवाळ्यात आपण खिडक्या घट्ट लावून भात शिजवतो आणि खोलीतच कपडे वाळत घालतो. भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येतात आणि जाताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातात. इथला उपाय ठरलेला आहे: दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी सताड उघडायची, हीटर बंद करून. बाहेर शून्य अंश असलं तरी. जर्मन लोक यावर ज्या गांभीर्यानं बोलतात ते पाहून सुरुवातीला गंमत वाटते. पहिल्या हिवाळ्यानंतर आपणही तसंच बोलायला लागतो.

८. रविवारी खरंच सगळं बंद असतं?

हो. शनिवारी रात्रीपर्यंत दूध-ब्रेड आणून ठेवा. स्टेशनमधली काही दुकानं उघडी असतात, पण महाग. रिकाम्या बाटल्याही फेकू नका: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट फांड, म्हणजे अनामत, असतो, तो सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली घातली की परत मिळतो. बाटली चेपली असेल आणि छाप वाचता येत नसेल तर यंत्र नाकारतं. चार बाटल्यांचा एक युरो, विद्यार्थ्याला कमी नाही.

९. पहिलं लेक्चर दहाला होतं, मी दहाला पोहोचलो तर वर्गात कुणीच नाही. चुकलो का?

नाही, तुम्ही शिस्तीचे निघालात. वेळापत्रकात वेळेपुढे "सी. टी." लिहिलं असेल तर लेक्चर पंधरा मिनिटं उशिरा, म्हणजे सव्वादहाला सुरू होतं. "एस. टी." असेल तर बरोबर दहाला. आपल्या एसटीच्या नेमकं उलट, असं लक्षात ठेवा.

यापेक्षा मोठा धोका परीक्षेचा आहे. विषय निवडला म्हणजे परीक्षेला नाव गेलं, असं नसतं. परीक्षेची नोंदणी वेगळी, तिची मुदत वेगळी, आणि ती चुकली तर विनवण्यांचा उपयोग होत नाही. गुण उलटे असतात: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. एका विषयात सहसा तीनच संधी मिळतात आणि तिसरीत नापास झालात तर तो अभ्यासक्रमच सुटू शकतो. म्हणून पहिल्या सत्रात हौसेनं आठ विषय घेऊ नका.

१०. सेमिस्टर तिकिटावर कुठे-कुठे फिरता येतं?

आता बहुतेक विद्यापीठांचं सेमिस्टर तिकीट म्हणजे डॉइचलंड-तिकिटाची, देशभर चालणाऱ्या मासिक पासाचीच, विद्यार्थी आवृत्ती. मूळ तिकीट २०२३च्या मे महिन्यात ४९ युरोला सुरू झालं, २०२५ला ५८ आणि २०२६च्या जानेवारीपासून ६३ युरो झालं. विद्यार्थ्यांना साधारण ६० टक्के दरात पडतं आणि ते फीमध्येच येतं. त्यावर देशभरातल्या बस, ट्राम, मेट्रो आणि रीजनल गाड्या चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या नाहीत. चुकून आयसीईत बसलात तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

सत्राच्या आधी येऊन महिन्याभरासाठी साधं तिकीट काढणार असाल तर सावध. ते सदस्यत्व आहे, आपोआप पुढे चालू राहतं. महिनाअखेर थांबवायचं असेल तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावं लागतं. सीमेपलीकडे हे तिकीट काही ठरावीक स्टेशनांपर्यंत चालतं, उदाहरणार्थ ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग.

११. तिकीट मोबाईलमध्ये होतं, पण बॅटरी संपली आणि तपासनीस आला. आता?

विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो. पण तुमच्या नावाचं वैध तिकीट त्या दिवशी होतं हे नंतर ठरलेल्या मुदतीत दाखवलंत तर तो सहसा ७ युरोंवर येतो. तपासनिसानं दिलेला कागद फेकू नका, वाद घालू नका, ओळखपत्र दाखवा. पॉवर बँक स्वस्त पडते.

१२. पहिल्या शनिवारी कुठे जाऊ? सगळे पॅरिस म्हणतायत.

पॅरिस पळून जात नाही. पहिला शनिवार आखेनला द्या. इथलं कॅथेड्रल युनेस्कोच्या १९७८च्या अगदी पहिल्या यादीत आहे. त्या यादीत जगभरातली मिळून बाराच स्थळं होती. आपलं अजिंठा-वेरूळ १९८३ साली आलं. मध्ययुगातला सम्राट शार्लमेन, ज्याला इथे कार्ल देर ग्रोसे म्हणतात, त्याचं हे राजधानीचं गाव. ८१४ साली तो वारला आणि इथेच पुरला गेला. अष्टकोनी घुमटाखाली उभं राहून वर बघा, मग कॅमेरा काढा. बाहेर पडलात की एलिझेनब्रुनेनपाशी गरम झऱ्याचं पाणी वाहतं. कुजक्या अंड्यासारखा वास येतो. वज्रेश्वरीची कुंडं पाहिलेल्यांना ओळखीचा वाटेल.

दुसऱ्या शनिवारी फाल्सरबर्ग. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचं हे सर्वात उंच ठिकाण, उंची ३२२ मीटर, म्हणजे कळसूबाईचा पाचवा हिस्सा. सह्याद्रीतून आलेल्या माणसाला टेकडीवर नेऊन "हे आमचं शिखर" म्हटलं तर तो काय म्हणणार! पण वर तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात तिथे दगड आहे. त्याच्याभोवती चार पावलं टाकली की जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, पुन्हा जर्मनी. पहारा नाही, कुंपण नाही, एक बाई कुत्र्याला घेऊन तीन देश ओलांडून गेली आणि कुत्र्यानं बेल्जियममध्ये पाय वर केला. १८१६ ते १९२० या काळात इथे चौथाही भाग होता, न्यूट्रल मोरेस्ने नावाचा, जस्ताच्या खाणीवरून झालेल्या भांडणातून उरलेला चिमुकला तुकडा.

मग कोलोन: रीजनल गाडीनं तासाभरात. तिथलं कॅथेड्रल १२४८ला सुरू होऊन १८८०ला पूर्ण झालं. बुरुजावर ५३३ पायऱ्या आहेत. सिंहगड चढणाऱ्यांनी फुशारकी मारू नये, गोल जिन्यात चक्कर येते. नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला थेट बस जाते. बेल्जियममधल्या लिएजला ट्रेननं गेलात तर गियमाँ स्टेशनातच अर्धा तास काढा; सांतियागो कालात्रावाची ती काच आणि पोलादाची लाट स्टेशन वाटतच नाही. लक्झेंबर्गमध्ये २०२० पासून देशभरातली सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, फक्त ट्रियरकडून येताना सीमेपर्यंतच्या टप्प्याचं तिकीट बघून घ्या.

१३. माझ्या व्हिसावर "डॉइचलंड" एवढंच लिहिलंय. मग दुसऱ्या देशात जाता येईल का?

येईल. "डी" प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा वैध असेपर्यंत बाकीच्या शेंगेन देशांत (युरोपातले आपसातल्या सीमा खुल्या ठेवणारे देश) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. जर्मनीत काढलेले दिवस यात मोजत नाहीत. शिक्क्यावरचा शब्द बघून सगळे घाबरतात, मीही घाबरले होते.

मूळ पासपोर्ट मात्र बरोबर हवाच. फोटोकॉपी किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही. शेंगेनच्या आत सीमा उघड्या असल्या तरी २०२४च्या सप्टेंबरपासून जर्मनीनं सर्व जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. लांबच्या बसमध्ये मध्यरात्री दिवे लागतात आणि पोलीस चढतात. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नको, खिशात हवा.

१४. व्हिसा संपतोय, निवास परवान्याचं कार्ड आलेलं नाही. डिसेंबरची ट्रिप करू का?

सर्वात गुंतागुंतीचा प्रश्न हाच. व्हिसा संपण्याआधी परवान्याचा अर्ज गेला असेल तर परदेशी नागरिक कार्यालय फिक्तिओन्सबेशायनिगुंग नावाचा हिरवट कागद देतं. त्यावर कोणत्या कलमाखाली दिलाय तिथे खूण असते. कलम ८१, पोटकलम ४ असेल तर तुमचा जुना हक्क पुढे चालू आहे असं धरतात आणि जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम ३ असेल तर बाहेर जाऊ नका, परत येताना अडकाल.

पोटकलम ४ असलं तरी मी ट्रिप लांबवायला सांगते. विमान कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाला हा कागद ओळखता येईलच असं नाही. भारतात जाणं टाळता येत नसेल तर थेट जर्मनीत उतरणारं विमान घ्या, मध्ये दुसऱ्या शेंगेन देशात उतरणारं नको, आणि आधी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कार्ड तयार व्हायला अर्जानंतरही काही आठवडे जातात, त्यामुळे व्हिसा संपायला दोन-तीन महिने असतानाच टर्मिन मागा.

१५. लंडनला मामा आहे आणि स्वित्झर्लंडही बघायचंय. वेगळा व्हिसा लागेल?

मामाकडे जायला लागेल. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत. स्वित्झर्लंडला लागत नाही. ते युरोपीय संघात नाही पण शेंगेनमध्ये आहे, नॉर्वे आणि आइसलँडही तसेच. क्रोएशिया २०२३ला आला, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५च्या जानेवारीपासून पूर्णपणे. सायप्रस संघात आहे, शेंगेनमध्ये नाही.

स्वित्झर्लंडचा खरा फटका मोबाईलला बसतो. संघातल्या देशांत जर्मन सिम जादा पैशांविना चालतं, पण स्वित्झर्लंड त्यात आपोआप येत नाही. सीमेजवळच्या जर्मन गावातही फोन स्विस नेटवर्क पकडतो आणि बिल वाढतं. बासेलकडे जाताना डेटा रोमिंग बंद करा.

१६. युरेल पास घेऊ की इंटररेल? भारतातल्या एजंटनं युरेल सुचवलाय.

दोन्ही युरोपभर रेल्वेनं फिरायचे पास. युरेल युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी. तुम्ही आता इथले रहिवासी, म्हणून इंटररेल. पासपोर्ट कुठला यावर नाही, राहता कुठे यावर ठरतं. एक मेख आहे: इंटररेलवर स्वतःच्या राहत्या देशात एक प्रवास बाहेर पडायला आणि एक परत यायला, एवढाच मिळतो. फ्रान्स, इटलीतल्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे. दोन शहरंच करायची असतील तर लवकर काढलेली स्वस्त तिकिटं बरी. सत्तावीसपर्यंतच्यांना तरुणांचा दर मिळतो.

१७. १५ युरोत पॅरिसचं विमान मिळतंय. घेऊ ना?

कोणत्या विमानतळावर उतरतंय ते बघून. "पॅरिस बोव्हे" हे पॅरिसपासून ८० किलोमीटरहून लांब आहे, "फ्रांकफुर्ट हान" फ्रांकफुर्टपासून सव्वाशेच्या आसपास. शहरात यायच्या बसचे पैसे तिकिटापेक्षा जास्त होतात. पाठीवरची बॅग ठरावीक मापाची लागते आणि दारावर मापतात. माझ्या बॅगेची चाकं दोन बोटं बाहेर राहिली आणि तिकिटाच्या तिप्पट पैसे गेले. सोबतच्या मैत्रिणीनं तीन स्वेटर अंगावर चढवून स्वतःची बॅग वाचवली. युरोपीय संघाबाहेरच्या पासपोर्टला काही कंपन्यांत सुरक्षेच्या आधी काउंटरवर कागद दाखवावे लागतात, त्यासाठी वेळ ठेवा. आखेनहून पॅरिसला थेट वेगवान रेल्वे आहे. लवकर काढलं तर हिशोब जवळपास तोच येतो.

१८. पॅरिसचं लूव्र संग्रहालय विद्यार्थ्यांना फुकट आहे का?

विद्यार्थी म्हणून नाही, तर युरोपीय आर्थिक क्षेत्राचा रहिवासी असलेल्या सव्विसाच्या आतल्यांना. जर्मन निवास परवान्याचं मूळ कार्ड दाखवा. नुसतं विद्यापीठाचं ओळखपत्र पुरत नाही. वेळेचं बुकिंग फुकट असलं तरी करावं लागतं. माद्रिदचं प्रादो मात्र १८ ते २५ वयाच्या कोणत्याही देशाच्या विद्यार्थ्यांना मोफत. पॅरिस, रोम, बार्सिलोना इथे खिसेकापू फार आहेत. भाऊगर्दीत बॅग पोटावर, हे दादर स्टेशनवर शिकलेलं इथे कामी येतं.

१९. दिवाळी नेमकी पहिल्याच महिन्यात येते. घरून फराळ मागवता येईल का?

चकली, शेव, चिवडा, शंकरपाळ्या येतात. पेढे-बर्फीला टपालातही तोच नियम, प्रश्न ६ बघा. घरगुती भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. आईला पाकिटावर खरी यादी आणि किंमत लिहायला सांगा, "भेटवस्तू" एवढंच लिहिलं तर पाकीट जकातीत पडून राहतं आणि तुम्हाला तिथे जाऊन चिवडा म्हणजे काय हे समजवावं लागतं. मी समजवलंय. अधिकारीबाईंनी चव घ्यायला नकार दिला.

२०. लगेच नोकरी करता येईल?

वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, एवढी मुभा आहे. पहिलं सत्र भाषेला आणि अभ्यासाला द्या, असं माझं मत. पैशांची निकड असेल तर विद्यापीठातलंच काम आधी शोधा.

२१. आमची मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर आहे. फोन उचलत नाही तेव्हा काय करावं?

काका-काकू, आधी घड्याळ बघा. हिवाळ्यात ती तुमच्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं आणि त्या आठवड्यात मला पालकांचे सर्वाधिक फोन येतात. तुमच्या सकाळी नऊला तिथे पहाटेचे साडेचार असतात. तिच्या एका मैत्रिणीचा आणि वसतिगृहाचा नंबर घेऊन ठेवा. तिच्याकडे हे तीन असू द्या: रुग्णवाहिका आणि आग ११२, पोलीस ११०, आणि रात्री ताप आला, डॉक्टर बंद आहेत अशा वेळी ११६११७.

२२. फिरताना पासपोर्ट हरवला तर?

ज्या देशात हरवला तिथेच आधी पोलिसांत तक्रार, मग तिथल्या भारतीय दूतावासात. जर्मनीत बर्लिनला दूतावास, आणि फ्रांकफुर्ट, हाम्बुर्ग, म्युनिकला महावाणिज्य दूतावास, आखेनसाठी फ्रांकफुर्ट. घाईत "इमर्जन्सी सर्टिफिकेट" घेऊ नका. त्यावर फक्त भारतात जाता येतं, जर्मनीत परत येता येत नाही. "मला इथे शिकायला परत जायचंय, पासपोर्ट हवा" असं काउंटरवर स्पष्ट सांगा. निवास परवाना वेगळ्या खिशात ठेवला असेल तर निम्मं काम सोपं होतं, आणि इथल्या परदेशी नागरिक कार्यालयालाही कळवावं लागतं.

२३. मी आखेनला नाही, बर्लिनला आहे. हे सगळं मला लागू आहे का?

नोंदणी, विमा, खातं, व्हिसा, कामाचे दिवस हे देशभर सारखं. कार्यालयांचा वेग, सेमिस्टर तिकिटाच्या अटी आणि परीक्षेचे नियम तुमच्या ठिकाणचे बघा. प्रश्न १२ मधली टेकडी तुमच्या वाट्याला नाही, पण पोलंडची सीमा रीजनल गाडीनं दीड तासाच्या आत आहे, आणि तिकडे पिएरोगी नावाचे उकडीचे करंजे मिळतात. बटाट्याचे घ्या.